शुगर असलेल्या माणसाच्या पायांचा रक्तपुरवठा कसा तपासून घ्यावा

मधुमेह असलेल्या माणसाची शुगर दर महिना-दोन महिन्यांनी तपासली जाते. वर्षातून एकदा डोळे बघितले जातात, लघवीतलं प्रोटीनही कुणीतरी लिहून देतं. पाय मात्र चपलेतच राहतात. आपल्या मराठवाड्यात तर 'पाय दुखतात' ही तक्रार कुणी मनावरच घेत नाही. जन्मभर रानात राबलेल्याचे पाय दुखणारच, असं घरचे म्हणतात, आणि कधीकधी दवाखान्यातही हेच ऐकायला मिळतं. आमच्या आप्पांना कितीतरी दिवस मणक्याच्या गोळ्या चालू होत्या. दुखणं पायाच्या रोहिण्यांचं, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांचं, निघालं.

हृदयाच्या रोहिण्यांत जसं ब्लॉकेज होतं तसंच ते पायाच्या रोहिण्यांतही होतं. दवाखान्यात याला 'पीएडी' (पेरिफेरल आर्टरी डिसीज) म्हणतात. साध्या माणसात हा आजार चालताना पोटरीत गोळा आणून स्वतःची खबर देतो. मधुमेहात तसं होईलच असं नाही, कारण शुगरने पायाची संवेदना आधीच बोथट झालेली असते. रक्त कमी पडतंय आणि दुखतही नाही, असा प्रकार. मग पहिली खबर मिळते ती न भरणाऱ्या जखमेने. म्हणून दुखायची वाट न बघता तपासून घ्यायचं. आणि हे फक्त पायापुरतं नाही. ज्याच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या, त्याला हार्ट अटॅक आणि लकव्याचा धोकाही जास्त असतो.

१. आधी बघा, तपासणी कुणाला लागते

पायांची साधी तपासणी (जखमा, संवेदना, नाडी) मधुमेह असलेल्या प्रत्येकाची वर्षातून एकदा तरी व्हायला हवी. रक्तपुरवठ्याची 'एबीआय' नावाची मोजणी (घोट्याच्या बीपीची दंडाच्या बीपीशी तुलना) मात्र दुखत नसलं तरी यांनी करून घ्यावी:

- वय ६५ किंवा त्याहून जास्त
- मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला, किडनीला किंवा पायांच्या संवेदनेला धक्का पोचलेला
- पायाला जखम झालेली, बोट काढलेलं, पायाचा आकार बदललेला

मधुमेहाला दहा वर्षं उलटली आहेत आणि सोबत बीपी, कोलेस्टेरॉल किंवा तंबाखू आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. वयाची अट ठिकठिकाणी थोडी वेगळी ऐकाल. काही डॉक्टर पन्नाशी उलटली की लगेच करून घ्या म्हणतात, त्यात वावगं काही नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर वय मोजत बसूच नये. तोंडात धरायच्या तंबाखूलाही 'तिचा पायाशी काय संबंध' म्हणून सूट देऊ नका, आणि बायकांची मिश्रीसुद्धा तंबाखूच असते, हे डॉक्टरांना सांगताना लपवू नका.

२. जायच्या आधी घरी नीट बघून घ्या

उजेडात बसवा, दोन्ही पाय धुवून पुसा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? एका पायावरचे केस झडून कातडी चकचकीत झाली आहे का? नखं जाड होऊन वाढायची थांबलीत का? आपली कातडी सावळी, त्यामुळे रंगातला फरक पायाच्या वरून कळत नाही. तळवा आणि नखांखाली बघा. माणसाला झोपवून पाय उचलून धरला की तळवा पांढराफटक पडतो आणि खाली सोडल्यावर हळूहळू लालबुंद होतो, असं दिसलं तर ते आवर्जून सांगायचं. बोटांच्या बेचक्या आणि टाचेच्या भेगा चुकवू नका.

आता नाडी. ही दोन ठिकाणी लागते. एक पायाच्या वर, अंगठा ताणून वर केला की जी दोरीसारखी ताठ शिर (स्नायूची, रक्ताची नव्हे) उठते तिच्या बाहेरच्या बाजूला. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे, टाचेकडे जाताना मध्यावर. दोन बोटं अलगद ठेवा. आपला अंगठा वापरू नका, त्याची स्वतःचीच नाडी जाणवते आणि फसायला होतं. जोरात दाबलं की असलेली नाडीही बंद होते. नाडी लागली नाही म्हणून घाबरू नका. वरची नाडी काही जणांना जन्मतःच लागत नाही, पाय सुजला असेल तरी लागत नाही. उलट नाडी लागली म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. घरच्या बघण्याचा उपयोग एवढाच की डॉक्टरांपुढे नेमकं बोलता येतं.

चालण्याबद्दल विचारताना 'पाय दुखतात का' असं विचारू नका, 'नाही' असंच उत्तर येतं. विचारा, "आप्पा, घरापासून पारापर्यंत जाताना मधे थांबावं लागतं का?" रोहिणीचं दुखणं ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी दोन-चार मिनिटांत थांबतं. मणक्याच्या दुखण्याला सहसा बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. अंतर लिहून ठेवा: पारापर्यंत, पाण्याच्या टाकीपर्यंत, बसस्टँडपर्यंत. तीन महिन्यांपूर्वी टाकीपर्यंत जाणारा माणूस आता पारावरच टेकत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या फार कामाची आहे.

आणि रात्री झोपतो कसा तेही बघा. आप्पा बाजेवरून एक पाय खाली सोडून झोपायचे. सवय आहे, असंच घरात सगळे धरून होतो. पाय लोंबता ठेवला की रक्त खाली उतरतं आणि ठणका कमी होतो, म्हणून माणूस आपोआप तसा झोपतो. हे दिसलं तर तपासणी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून ठेवायची नाही, त्याच आठवड्यात न्यायचं.

३. बरोबर काय न्यायचं

- चालू औषधांच्या चिठ्ठ्या. त्याहून बरं म्हणजे गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला
- शेवटचे रिपोर्ट: एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), कोलेस्टेरॉल, ईसीजी
- आधार कार्ड, रेशन कार्ड, काढलं असेल तर आयुष्मान कार्ड
- जखम असेल तर ती पहिल्यांदा दिसली तेव्हापासूनचे मोबाईलमधले फोटो, तारखेसह

कपड्यांचा विचार कुणी करत नाही आणि तिथे गेल्यावर पंचाईत होते. एबीआयसाठी बीपीचा पट्टा दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना बांधायचा असतो. पुरुषांनी धोतर किंवा सैल पायजमा, बायकांनी सैल बाह्यांचं पोलकं. जुन्या बायकांच्या पायात वर्षानुवर्षं न काढलेले तोडे किंवा वाळे असतात. ते आदल्या दिवशी साबणाच्या पाण्याने घरीच काढा. तपासणीच्या खोलीत ओढाताण झाली की कातडी सोलते, आणि शुगरवाल्या पायाला तेवढं खरचटणंही महागात पडतं. जोडवी रुतली असतील तर तीही.

तपासणीच्या आधी बिडी, तंबाखू, चहा नको. उपाशी राहायची गरज नाही. गोळ्या घेऊन उपाशी नेलेल्या माणसाची शुगर रांगेतच उतरू शकते, तेव्हा खडीसाखर जवळ असू द्या.

४. कुठे जायचं आणि काय मागायचं

सुरुवात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयापासून करा. तिथे बीपी-शुगरची एनसीडी ओपीडी असते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत (प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत) तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे केसपेपरचे आणि तपासण्यांचे थोडे पैसे लागू शकतात. आपल्या भागात संभाजीनगरची घाटी, नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरचं आणि अंबाजोगाईचं, ही जुनी. तिथे सर्जरी विभागाच्या किंवा मेडिसिनच्या ओपीडीत दाखवायचं. खासगीत जाणार असाल तर मधुमेहतज्ज्ञाकडे एबीआयचं यंत्र आहे का, हे आधी फोन करून विचारा.

खोलीत गेल्यावर नेमकं मागा: "डॉक्टर, पायाची नाडी बघता का, आणि दोन्ही पायांचा एबीआय करून मिळेल का?" आपण काही त्यांची परीक्षा घेत नाही, त्यामुळे अवघडण्याचं कारण नाही. रांगेत शंभर माणसं असताना डॉक्टर स्वतःहून चपला काढायला सांगतील याची खात्री नसते. नंबर येण्याच्या आधीच मोजे-चपला काढून बसवा. उघडा पाय समोर दिसला की तो बघितला जातो.

इथे दोन ठिकाणी हमखास गल्लत होते.

पहिली शिबिरातली. तळव्याला थरथरणारी कांडी लावून 'कळतंय का' विचारतात आणि रिपोर्टवर व्होल्टमध्ये आकडे येतात. ती संवेदनेची तपासणी. चांगली आहे, करून घ्यावी, पण तिचा रक्तपुरवठ्याशी संबंध नाही. तळव्याला नायलॉनचा बारीक तंतू टोचून बघतात तीही संवेदनेचीच. तो कागद हातात घेऊन 'पायाच्या नसा तपासून झाल्या' म्हणत लोक वर्षभर निर्धास्त राहतात.

दुसरी सोनोग्राफी सेंटरवरची. चिठ्ठीवर नुसतं 'पायाचा डॉप्लर' लिहिलेलं असतं आणि तपासल्या जातात अशुद्ध रक्ताच्या शिरा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन किंवा गुठळीसाठीची तपासणी. आपल्याला हवा तो 'आर्टेरिअल डॉप्लर', म्हणजे रोहिण्यांचा. चिठ्ठीवर हा शब्द आहे का, ते पैसे भरायच्या आधी वाचा.

५. एबीआय करतात कसा

सुई नाही, दुखत नाही, सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आत होतं. माणसाला पाच-दहा मिनिटं पाठीवर निवांत झोपवतात. ही विश्रांती खरंच महत्त्वाची आहे. जिना चढून धापा टाकत आलेल्याला लगेच पट्टा बांधला तर आकडे चुकतात. घाई दिसली तर 'जरा दम खाऊ द्या' म्हणा.

मग बीपीचा पट्टा आधी एका दंडाला, नंतर दुसऱ्या, मग दोन्ही घोट्यांच्या वर. स्टेथोस्कोपच्या जागी पेनासारखा डॉप्लर असतो. नाडीच्या जागी थंडगार जेल लावून तो टेकवला की रक्ताचा 'हुश्श-हुश्श' आवाज खोलीभर ऐकू येतो. पट्टा फुगवला की आवाज बंद, हवा सोडता सोडता ज्या आकड्याला परत सुरू होतो तो त्या रोहिणीचा दाब. प्रत्येक पायात वरची आणि घोट्यामागची, अशा दोन्ही जागा मोजतात. काही ठिकाणी चारही पट्टे एकदम बांधून आकडा काढणारं यंत्र असतं, तेही चालतं.

घोट्याजवळ उघडी जखम असेल, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखत असेल (शिरेत गुठळी असू शकते), तर पट्टा बांधायच्या आधी सांगा.

६. आकडा वाचायला शिका

हिशोब सोपा आहे. घोट्याचा वरचा (सिस्टोलिक) दाब भागिले दंडाचा वरचा दाब. दोन्ही दंडांपैकी जो जास्त तो घ्यायचा, आणि त्या त्या पायाच्या दोन जागांपैकी जास्त असेल तो.

- १.०० ते १.४०: नेहमीचा
- ०.९१ ते ०.९९: काठावरचा
- ०.९० किंवा कमी: रोहिणीत अडथळा आहे
- ०.४० च्या खाली: अडथळा गंभीर, थांबायचं नाही
- १.४० च्या वर: आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही

सगळी मेख शेवटच्या ओळीत आहे. समजा दंडाचा दाब १४०, उजव्या घोट्याचा ९८. भागाकार ०.७०, म्हणजे उजव्या पायात अडथळा आहे. डाव्या घोट्याचा आला २१०, भागाकार १.५०. घरी येऊन सगळे म्हणतात, "उजवा बिघडलाय, डावा एकदम फर्स्ट क्लास." तसं नाही. जुन्या मधुमेहात आणि किडनीच्या आजारात रोहिण्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसतं आणि त्या पाइपासारख्या टणक होतात. पट्टा कितीही फुगवला तरी त्या दबत नाहीत, म्हणून आकडा खोटा वाढतो. आत रक्त किती वाहतंय ते यातून कळतच नाही.

अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, 'टीबीआय'. अंगठ्याच्या रोहिण्या सहसा तशा टणक होत नाहीत. त्याचा आकडा ०.७० किंवा कमी आला तर दोष. त्याच डाव्या पायाच्या अंगठ्याचा दाब ७० निघाला तर ७० भागिले १४०, म्हणजे ०.५०. 'फर्स्ट क्लास' पायातही अडथळा होताच. अंगठ्याचा छोटा पट्टा प्रत्येक ठिकाणी नसतो. तो नसेल तर आर्टेरिअल डॉप्लर करून रक्ताच्या लहरी कशा उमटतात ते बघतात.

याच कारणाने मधुमेहात १.१ किंवा १.२ असा देखणा आकडाही कधीकधी फसवा असतो. अर्धवट टणक रोहिणी खरा ०.७ चा आकडा वर ढकलून नेहमीच्या रांगेत आणून बसवते. म्हणून आकडा चांगला, पण जखम भरत नाही किंवा चालताना गोळा येतो, असं असेल तर रिपोर्ट खिशात घालून घरी यायचं नाही. "मग पुढे काय तपासायचं?" हा प्रश्न विचारूनच उठायचं. चालवून पुन्हा एबीआय मोजण्याचीही पद्धत आहे.

रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहिलं असेल तर दोन्ही पायांचे आकडे लिहून मागा. पुढच्या वेळी तुलनेला तेच लागतात.

७. दोष निघाला तर

लगेच ऑपरेशन असं काही नसतं. बहुतेकांना आधी औषधंच देतात: कोलेस्टेरॉलची स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, बीपी-शुगरची नीट बांधणी. 'माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग ही गोळी कशाला' म्हणून स्टॅटिन सोडणारे बरेच भेटतात. ती फक्त रिपोर्टवरच्या आकड्यासाठी नसते, रोहिणीतला थर फुटू नये आणि हृदय-मेंदू वाचावा म्हणूनही असते. चालणं वाढावं म्हणून सिलोस्टॅझॉल देतात, पण हार्ट फेल्युअर असलेल्याला ती चालत नाही. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मेडिकलमधून आणू नका. तंबाखू बंद केल्याशिवाय या गोळ्यांचं काम अर्धवटच राहतं.

पायाला जखम नसेल तर चालणं हेही औषध आहे. गोळा येईपर्यंत चालायचं, थांबायचं, उतरला की परत चालायचं. असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून तीनदा तरी, निदान तीन महिने. डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा.

जखम भरत नसेल किंवा झोपेतही पाय ठणकत असेल तर मात्र रोहिण्यांच्या सर्जनकडे (व्हॅस्क्युलर सर्जन) लवकर पोचलं पाहिजे. तिथे सीटी अँजिओ (रोहिण्यांचा सीटी स्कॅन) सांगतात. त्यात जे औषध शिरेतून देतात ते किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिन ताजं हवं. मेटफॉर्मिन थांबवायची का आणि किती दिवस, हे त्याच दिवशी विचारा. पुढे फुगा घालून रोहिणी उघडणं किंवा बायपास. कुणी थेट 'पाय कापावा लागेल' म्हटलं, तर पाय विषारी होऊन जीवावर बेतलेलं नसल्यास, रक्त पुन्हा सुरू करता येईल का याचं दुसरं मत घ्या. असे सर्जन मराठवाड्यात मोजक्या शहरांतच आहेत. नांदेडकडची माणसं हैदराबाद गाठतात, धाराशिवकडची सोलापूर.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण योजना दाखल होऊन होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या नुसत्या तपासणीचं बिल तिच्यात बसेल असं धरून चालू नका. दाखल होण्याआधी त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) गाठा, नाहीतर १५५३८८ वर विचारा. रेशन कार्डवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. ऐनवेळी यातच दिवस जातात.

८. तोवर पायावर हे प्रयोग नकोत

बिब्बा. काटा मोडला, भेगा पडल्या, कुरूप झालं की आपल्याकडे अजून बिब्ब्याचा चटका देतात. रक्त कमी असलेल्या पायावर तो भाजलेला डाग भरतच नाही. कुरूप ब्लेडने तासणं आणि मेडिकलमधलं कुरूपाचं प्लास्टर, दोन्ही तसंच. पाय गार पडतात म्हणून शेकोटी आणि गरम पाण्याची पिशवी तर हमखास. बधिर पायाला चटका कळत नाही, फोड सकाळी दिसतो. ऊब हवी तर सैल सुती मोजे घाला.

पऱ्हाटी उपटल्यावर आणि तूर कापल्यावर रानात धसकटं उभी असतात, ती स्लिपरमधूनही आरपार जातात. बंद बूट घाला, आणि घालण्याआधी ते झटका. नवरात्रात अनवाणी राहणं आणि तुळजापूरला अनवाणी चालत जाणं हा श्रद्धेचा विषय आहे, पण एबीआय कमी आलेल्या माणसाला घरच्यांनी गोडीने अडवावं. गाडीने नेऊन दर्शन घडवा. एप्रिल-मेमधल्या दुपारी देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी दहा पावलंही नकोत, मोजे घालून चालावं.

९. या वेळी नंबर लावत बसू नका

पाय एकाएकी गार, पांढरा किंवा निळसर पडला, ठणका लागला, बोटं हलेनात. ही रोहिणी अचानक बंद पडल्याची खूण असते, पहिले काही तास हातात असतात. बोट काळं पडलं, जखमेला वास येतोय, लाली वर चढतेय, सोबत ताप आहे, तर तेही तातडीचंच. पाय चोळू नका, शेकू नका, चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सर्जन आहे अशाच मोठ्या दवाखान्यात घ्यायला सांगा. निघतानाच तिथे फोन करून सर्जन हजर आहे का ते विचारा, कारण एका गावातून दुसऱ्या गावात पाठवण्यातच रात्र जाते. रिपोर्टची पिशवी आणि चालू गोळ्या सोबत घ्या. रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली, ते तिथे पोचल्यावर आधी सांगा.